बाहीत शिरलेला वारा

माझी नात सव्वादोन वर्षांची असतानाची गोष्ट. गॅलरीतल्या दोरीवर तिच्या आजोबांचा सदरा वाळत होता. दुपारचे तीन वाजले असतील. वारा सुटला आणि सदऱ्याच्या दोन्ही बाह्या टम्म फुगल्या. खेळता खेळता ती थांबली, बराच वेळ टक लावून बघत राहिली आणि मग विचारलं, "आजी, आत कोण आहे?"

मी म्हटलं, "वारा."

मी सदरा दोरीवरून खाली धरला. तिने बाहीत कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपलं, हात बाहेर काढला आणि मूठ उघडून मला दाखवली. "नाही."

वारा अंगाला लागतो, कपडे उडवतो, दार आपटतो, पण हाती लागत नाही. दोन वर्षांच्या मुलाला जग कळतं ते हाताने आणि तोंडाने. जे धरता येत नाही, चोखता येत नाही, ते आहे हे त्याने मानायचं कसं? स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांना असे बरेच प्रश्न विचारले होते, त्यात वारा कुठून येतो हाही होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1927 सालचं. झाडं हलतात म्हणून वारा येतो, असं त्यातली काही लहान मुलं सांगतात. मोठ्यांना हे उलटं वाटतं. पण पंखा हलवला की वारा येतो, सूप हलवलं की वारा येतो, मग एवढं मोठं झाड हलल्यावर का येऊ नये? मुलाने पाहिलं तेवढ्यावरून काढलेलं अनुमान चोख आहे.

म्हणून या वयाच्या मुलांबरोबर वाऱ्याच्या वस्तू करताना मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे. वस्तू हातात पूर्ण होत नाही, ती वाऱ्यात गेल्यावर पूर्ण होते. भिंतीला चिकटवलेलं कागदी ढगाचं चित्र कितीही गोजिरवाणं असलं तरी त्यात वारा नाही. वेडीवाकडी फाडलेली वर्तमानपत्राची पट्टी खिडकीच्या गजाला बांधली की त्यात वारा आहे.

पहिला आठवडा तर काही करूच नका. नुसता वारा शोधा. देवापुढच्या उदबत्तीचा धूर लांबून बघायचा. तो सरळ वर जातो आहे का वाकतो आहे? पिंपळाची पानं सळसळतात का? दारावरचं तोरण हलतं का? ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 मध्ये जहाजांसाठी वाऱ्याची एक मोजपट्टी आखली आणि पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. त्या खुणा बघितल्या तर त्या मुलांसाठीच लिहिल्यासारख्या वाटतात. धूर सरळ वर गेला तर शून्य. तोंडाला वारा लागला आणि पानं सळसळली तर दोन, म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटर. पानं आणि बारीक फांद्या सतत हलू लागल्या, हलकं निशाण पसरलं तर तीन. धूळ आणि सुटे कागद उडाले तर चार, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर. आकडे मुलाला सांगायचे नाहीत. पण तुम्हाला ते ठाऊक असले की कोणत्या दिवशी काय बाहेर काढायचं हे कळतं. दोनच्या वाऱ्यात पतंग काढला तर मूल हिरमुसतं आणि चारच्या वाऱ्यात कागदी भिंगरी फाटते.

दुसरा वारा मुलाच्या स्वतःच्या तोंडात असतो. गरम वरणभाताचा घास समोर धरून आपण म्हणतो, "फू कर, फू." मूल फुंकतं त्यात निम्मी थुंकी असते, पण आपण वारा करू शकतो हा शोध त्याला तिथेच लागतो. ताटलीत एक सुकं पान ठेवून ते फुंकून पलीकडे न्यायचा खेळ दीड-दोन वर्षांच्या मुलाला पुरेसा आहे. कागदावर पातळ रंगाचा थेंब टाकून तो फुंकून पसरवायचा प्रकार पुष्कळ जण सुचवतात. पण त्यासाठी मुलाच्या हातात नळी देऊ नका. या वयाला नळी म्हटलं की सरबतच आठवतं, मूल फुंकण्याऐवजी ओढतं आणि रंग पोटात जातो. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा तुकडा द्या आणि त्याने वारा घालू द्या. थेंब हलतो, थोडा उडतोही. फरशी पुसावी लागते.

आता हातांबद्दल. दीड वर्षाचं मूल कागद चुरगळतं, फाडतं, भरतं, उपडं करतं. दोनचं झालं की ओढतं, खुपसतं, बोटाने खळ फासून चिकटवतं. कात्री धरून दोन कच मारणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं, तेही बोथट कात्रीने आणि आपला हात जवळ ठेवून. म्हणजे कापायचं आणि गाठी मारायच्या आपण. फाडायचं, ओढायचं, चिकटवायचं, रंग फासायचा, पळायचं त्याने. ही वाटणी मोडली की सगळं बिघडतं. आई सुबक वस्तू करते, मूल शेजारी बसून कंटाळतं आणि शेवटी ती चुरगळतं. चुरगळणं हे त्याचं त्या दिवसाचं पहिलं खरं काम असतं.

धोक्याचं आधीच सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक आखूड नळकांडं वापरतात. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. मणी, टिकल्या, बटणं, घुंगरू या कामातून बाद. रबरी फुगाही बाद, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशाला चिकटला तर श्वास कोंडतो. पट्टी किंवा दोरी एका वितीपेक्षा लांब असेल तर ती मुलाच्या हातात एकट्याने राहू द्यायची नाही. आणि गॅलरीत कठड्याजवळ स्टूल, बादली, खुर्ची काही नको. वाऱ्यामागे धावणाऱ्या मुलाचं लक्ष वर असतं.

सुरुवात झिरमिळ्यांपासून करावी. दिवाळीत आकाशकंदिलाच्या खाली ज्या झिरमिळ्या लावतो, त्यांच्याकडे मूल कंदिलापेक्षा जास्त बघतं, कारण त्या हलतात. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या फाडा. काठाला कात्रीने कच मारून दिला की पुढचं फाडणं मुलाला जमतं आणि त्या चर्र आवाजाने ते खुलतं. एक प्लॅस्टिकची किंवा धातूची बांगडी घ्या, काचेची नको. पट्टी मधोमध दुमडून फास बांगडीवर टाकायचा, दोन्ही टोकं फासातून काढायची आणि "ओढ" म्हणायचं. मूल ओढतं, गाठ बसते. पाच-सहा पट्ट्या पुरेत. आता ही बांगडी हातात धरून अंगणात फिरायचं.

इथे घाई करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच बांगडीला एक पट्टी पताकेच्या कागदाची लावा, एक गोणपाटाची, एक जुन्या ओढणीची. वारा कमी असला तर ओढणी उठते, गोणपाट लोंबतो. वारा वाढला की सुती पट्ट्याही आडव्या होतात. आमच्या नातीने गोणपाटाच्या पट्टीला हात लावून सांगितलं, "ही जड आहे, निजली." जड आणि हलकं हे शब्द तिला आधी फक्त उचलायच्या वस्तूंसाठी ठाऊक होते.

झिरमिळ्यांनंतर उडता मासा. हा मला अरविंद गुप्ता यांच्या कामातून मिळाला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी केली, मुलांना आणि शिक्षकांना शिकवली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासा करायला वर्तमानपत्राची दोन सेंटिमीटर रुंद आणि बारा-तेरा सेंटिमीटर लांब पट्टी लागते. एका टोकापासून दीड सेंटिमीटर आत वरच्या कडेने निम्म्या रुंदीपर्यंत काप द्यायचा, दुसऱ्या टोकाजवळ तसाच काप खालच्या कडेने. दोन्ही काप एकमेकांत अडकवले की माशाचा आकार होतो. उंचावरून सोडला की गरागरा फिरत खाली येतो. मुलाला पलंगावर उभं करा, त्याच्या कमरेला आपला हात असू द्या आणि त्याने सोडायचा. मी मोजत नाही, पण एका बैठकीत पन्नासदा तरी "पुन्हा" ऐकू येतं. पंखा बंद ठेवा, मासा सरळ खाली येतो. पंखा लावा, मासा भरकटतो. एवढा एक फरक मुलाला दाखवायचा आणि गप्प बसायचं.

भिंगरीवर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिच्यात मी एकदा चुकले आहे.

जत्रेतला भिंगरीवाला आठवा. पेंढा गुंडाळलेल्या काठीवर त्याच्या शंभरेक रंगीत भिंगऱ्या खोचलेल्या असतात आणि वाऱ्याची झुळूक आली की एकदम फिरतात. तशीच भिंगरी मी बालवाडीत मुलांसाठी करत असे: चौकोनी कागद, चार कोपऱ्यांवरून मध्याकडे काप, एकाआड एक टोक मध्ये आणायचं आणि टाचणीने काडीवर ठोकायचं. टाचणीचं टोक मागे वाकवलं की झालं, असं मला वाटे. एक दिवस अडीच वर्षांच्या एका मुलाच्या हातून भिंगरी पडली, त्याने उचलली तेव्हा टाचणी नव्हती. आम्ही दोघी बायांनी सतरंजी झटकली, खोली केरसुणीने दोनदा झाडली, मुलाचं तोंड उघडून बघितलं. टाचणी दाराच्या फटीत सापडली तेव्हा माझे हात कापत होते. त्या दिवसापासून लहान मुलाच्या भिंगरीत मी टाचणी घालत नाही.

तिच्याऐवजी कान पुसायची कापसाची काडी घेते. कागद जरा जाड, पंधरा सेंटिमीटरचा चौकोन. मुलाने त्यावर दोन्ही बाजूंनी रंग फासलेला, वाळलेला. कर्णाच्या घड्या घालून कोपऱ्यांपासून मध्याच्या दिशेने दोन तृतीयांश काप द्यायचे, चार टोकं मध्ये आणून खळीने चिकटवायची आणि पूर्ण सुकू द्यायची. मग मध्यभागी काडीपेक्षा किंचित मोठं भोक. काडीच्या एका टोकाचा कापूस काढून टाकायचा, काडी भोकातून ओवायची म्हणजे दुसऱ्या टोकाचा कापूस पुढे अडतो. मागचं टोक वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या नळीत आरपार घालून चिकटपट्टीने चार वेढे पक्के करायचे. भिंगरीला मागेपुढे थोडी मोकळीक हवी, ती नळीला घासली तर फिरत नाही. हीही आपल्या डोळ्यांसमोरच खेळायची वस्तू आहे, पण त्यात टोचणारं, गिळलं जाणारं काही नाही.

कोकणात याहून जुनी आणि सुंदर भिंगरी आहे, माडाच्या पातीची. झावळीतली एक पात घेऊन तिचा हीर बाजूला काढतात, पातीच्या दोन पट्ट्या दुमडून एकमेकींत अडकवतात, चार पाती चार दिशांना येतात आणि मधून तोच हीर ओवतात. कात्री नाही, खळ नाही. याच पातीचं घड्याळ होतं, पिपाणी होते, चष्मा होतो. ओली पात जड असते, थोडी सुकली की जास्त फिरते. हिराचं टोक अणकुचीदार असतं, ते मोठ्यांनी आपल्या हातात ठेवायचं.

भिंगरी फिरते कशी हे मूल पायांनी शिकतं. प्रत्येक पातं तिरकं असतं. समोरून आलेला वारा त्यावरून एका बाजूला घसरतो आणि जाता जाता पात्याला दुसऱ्या बाजूला ढकलतो. चारही पाती एकाच दिशेला तिरकी असल्यामुळे चारही धक्के एकाच दिशेने फिरवतात. हे सांगायचं वय अजून दूर आहे. पण भिंगरी आडवी धरली तर थांबते, तोंडासमोर धरून पळालं तर वारा नसतानाही फिरते, हे दोन वर्षांच्या मुलाला तासाभरात कळतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर रांगेने पवनचक्क्या आहेत. नातीला तिथे नेलं तेव्हा तिने मान मागे टाकून वर पाहिलं आणि म्हणाली, "एवढी भिंगली! कोण पळतंय?" मोठ्या पात्यांमागे कुणीतरी पळत असणार, हे तिला तिच्याच अनुभवाने शिकवलं होतं.

साहित्य विकत आणावं का, असं मला पालक विचारतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. परदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधनं तिथल्या आदिवासी मुलांना परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे यांतून साधनं उभी केली. गुरांमागे कुरणात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. मी बालवाडीत शिरले तेव्हा माझ्यापुढे हाच आदर्श होता आणि वाऱ्याच्या खेळांसाठी तर तो अगदी चपखल आहे. वारा फुकट आहे, त्याला लागणारं सामान घरात पडलेलं आहे.

काही वेळा तर वस्तूही करावी लागत नाही. उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटतात आणि बीला धरून पांढरी मऊ पिसं उडू लागतात. मुलं त्याला म्हातारी म्हणतात. उडत आलेली म्हातारी तळहातावर घ्यायची, फुंकायची, तिच्यामागे जायचं. तिची बी बघायची, ती वाऱ्यावर बसून दुसऱ्या गावाला निघाली आहे असं सांगायचं. हे खरंच आहे, रुई आपली बी अशीच पसरवते. मात्र मुलाला घेऊन रुईच्या झुडपाशी बोंडं तोडायला जाऊ नका. तिचा चीक डोळ्यांत गेला तर इजा करतो. मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे आमच्या पिढीने भरपूर उडवले, तेही या वयात नको, त्याच्या बिया विषारी आहेत. फुगे हवे असतील तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी परातीत घ्या, बांगडी बुडवा आणि वाऱ्यापुढे धरा. फुंकायचं काम वारा करतो. फुगा ज्या वाटेने जातो ती वाऱ्याची वाट असते. भिंतीजवळ तो वर चढतो, कोपऱ्यात गिरकी घेतो. मलासुद्धा माझ्या अंगणातला वारा फुग्यांमुळेच पुरता कळला.

पतंगाबद्दल थोडक्यात. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या माणसांनी भरतात, हलगी वाजते आणि लहान मूल आजोबांच्या कडेवरून आकाश बघतं. या वयाला तेवढंच पुरे. त्याच्या हातात द्यायची ती खाकी कागदाची पिशवी. तोंडाशी सुती दोरा बांधलेला, दोरा मोठ्या माणसाच्या हाताएवढा आणि दुसरं टोक आपल्या हाती. मूल दोरा धरून आपल्याबरोबर पळतं, पिशवी मागे फुगून उठते. तिला शेपटी म्हणून पट्ट्या मुलाने चिकटवलेल्या असल्या की ती त्याची होते. मांजा कोणताही नको. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे, पण साधा काचेचा मांजाही कोवळी बोटं चिरतो.

आणि आता ती बाही. नातीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. तिचाच तोकडा झालेला एक झबल्यासारखा सदरा होता, पूर्ण बाह्यांचा. एक बाही खांद्यापाशी कापली. भरतकामाची सगळ्यात लहान रिंग घेतली, बाहीचं रुंद तोंड तिच्यावर दुमडलं आणि धावदोरा घातला. मनगटाचं तोंड उघडंच ठेवलं. रिंगला तीन ठिकाणी दोरे बांधून ते एका दोरीत आणले. रंगाचं काम नातीचं होतं. बटाटा अर्धा कापून तिच्या हातात दिला, लाल रंगाची ताटली पुढे ठेवली. तिने बाहीवर सात-आठ ठसे उठवले आणि नंतर बटाटा बाजूला ठेवून तळहात टेकवला. विमानतळावर आणि हेलिपॅडवर वाऱ्याची दिशा दाखवायला पट्ट्यापट्ट्यांची पिशवी लावतात, ती हीच. वारा रुंद तोंडातून शिरतो, अरुंद तोंडातून बाहेर पडतो, आणि पिशवीची शेपटी वारा जिकडे चालला तिकडे वळते.

ती आम्ही गॅलरीच्या छताला टांगली, तिच्या हाताला लागणार नाही अशी. आमचं गाव समुद्रापासून लांब आहे. माझ्या बहिणीने तशीच बाही रत्नागिरीला तिच्या पडवीत लावली, तेव्हा आणखी एक मौज दिसली. दुपारी बाहीची शेपटी डोंगराकडे आणि पहाटे समुद्राकडे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा वाहतो, ते मतलई वारे. होड्या घेऊन जाणारी माणसं हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. बहिणीचा नातू रोज उठला की आधी पडवीत जातो आणि बाहीकडे बोट करून सांगतो, "आज तिकडे."

आमच्याकडे पहिले दोन दिवस वारा पडलेलाच होता. बाही दोरीला लोंबत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हलली, भरली, आडवी झाली आणि नातीने उमटवलेला लाल पंजा उलगडून वर आला. मी तिला उचलून घेतलं. मनगटाच्या उघड्या तोंडाशी तिने हात धरला. आतून येणारा वारा तिच्या तळव्याला लागला. तिने पटकन मूठ मिटली, मिटलेली मूठ माझ्या गालाशी आणली आणि सोडली.

"घे," म्हणाली.